हातात काय आहे ते सांगून आत यावं

आलेताई कुठल्याही खोलीत गुपचूप शिरत नाहीत. दार अजून लांब असतानाच त्यांचा आवाज पुढे जातो, "आले रे, आले! मीच आहे, हातात बादली आहे." मग बादली दिसते आणि बादलीमागून ताई. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी कामाला येतं. एरवी नगरपालिकेच्या सगळ्या इमारतीत त्या आलेताईच. ही सवय इतकी हाडीमासी खिळली आहे, की एकदा दाताच्या डॉक्टरकडेही त्या "आले हो डॉक्टर, हातात नुसती पर्स आहे" असं म्हणत आत गेल्या. डॉक्टर बिचारे हातातलं हत्यार तसंच धरून बघत राहिले.

घरी नवऱ्याला तर या प्रकाराचा कंटाळा आलाय. तो घड्याळं दुरुस्त करतो, डोळ्याला भिंग लावून खिडकीपाशी बसलेला असतो.

"अगं, तूच आहेस हे मला इतक्या वर्षांत कळलंय," तो मान वर न करता म्हणतो. "दुसरं कोण येतंय या घरात?"

"अहो, सांगितलेलं बरं असतं."

"मला सांगून काय उपयोग? मी काय टेबलाखाली जाऊन बसणार आहे?"

एवढं बोलून तो डोळ्याचं भिंग काढून ठेवतो. टेबलाखाली कोण जाऊन बसतं हे त्याला ठाऊक आहे. मग तो उठून बायकोसाठी चहा टाकतो.

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, जन्म-मृत्यूचे दाखले देतात त्या खिडकीला लागून, ताईंची खोली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या कोंबून ठेवायचे. ज्या घरांत मारझोड चालते त्या घरांतल्या मुलांसाठी नगरपालिका दरवर्षी थोडा निधी बाजूला काढते, त्यातून ही खोली चालते. शाळा सुटली की मुलं येतात आणि आई कामावरून न्यायला येईपर्यंत थांबतात. यातल्या बहुतेक मुलांना कुणी बोटही लावलेलं नसतं. मार आईला बसतो. मुलं तिथे असतात, इतकंच. हे 'इतकंच' म्हणजे काय, ते शहाण्यासुरत्या माणसांना समजावून सांगता सांगता आलेताईंच्या नाकी नऊ आले आहेत.

त्यांनाही ते एका दिवसात समजलं नव्हतं. आधी त्या बालवाडीत शिकवायच्या आणि मुलं म्हणजे मुलं, असा त्यांचा समज होता. खोली सुरू झाली त्या आठवड्यात त्या मुलांसाठी दुधाचे पेले घेऊन आल्या. दोन्ही हात अडकलेले, म्हणून दार पायानं ढकललं. दार भिंतीवर आपटलं. आत बघतात तर खोली रिकामी. पेल्यांतलं दूध हिंदकळत राहिलं आणि ताईंना हळूहळू टेबलांखालचे पाय दिसायला लागले. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. त्या दिवसापासून ताई आपण आल्याचं सांगून येऊ लागल्या. हातात काय आहे तेही सांगू लागल्या, कारण मुलांचे डोळे आधी हातांकडे जातात आणि मग तोंडाकडे.

खोलीचं दार मोठं तापट आहे. सोडलं की आपोआप बंद होतं आणि सगळी भिंत हलवतं, म्हणून त्याला वीट लावून ठेवतात. लोखंडी कपाटाचा स्वभावही तसाच. त्याचं दार जरा उचलून, लाडीगोडीनं लावावं लागतं, नाहीतर तोफ उडाल्यासारखा आवाज होतो. आलेताईंच्या जोडीला पूर्वी चित्रकलेच्या एक ताई होत्या, तेव्हा त्यांनी एक पुठ्ठा रंगवून दारावर लावला : 'हातात काय आहे ते सांगून आत यावं.' इमारतीचे शिपाईमामा आधी खूप हसले. मग त्यांनी एकदा मुलांची पळापळ पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचाही आवाज बोळातून येऊ लागला, "आलो गं बाळांनो, मी मामा. हातात फायली आहेत, बाकी काही नाही."

ही मुलं येतात तेव्हा इतकी गप्प असतात, की नवख्या माणसाला वाटावं, किती गुणी! पाणी हवं तरी मागत नाहीत. चपला दारापाशी ओळीत काढतात आणि चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे पळताना पाय पटकन सरकवता येतात. ताईंचं काम एवढंच, की मुलांनी हळूहळू आवाज करायला लागावं. कुणी डब्यातला खेळायचा चिखल भिंतीवर फेकला, कुणी 'माझं आहे, देणार नाही' म्हणून भोकाड पसरलं, की ताई वरवर रागावतात आणि मनातल्या मनात त्याला शाबासकी देतात. शेजारच्या खिडकीतला कारकून येऊन तणतणतो, "अहो ताई, इथे लोक मयताचे दाखले न्यायला येतात, आणि तुमच्याकडे हा धिंगाणा!" ताई माफी मागतात. त्यांच्या सगळ्या कामाची खरी पावती तीच असते.

त्यांची मुकादम मात्र बरेच दिवस गप्प होती. मुकादम म्हणजे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी. आली की ती खोलीची तपासणी करायची. खिडकीची कडी, दाराची वीट, कोण कुठे बसलंय. तिच्या फ्रॉकचं टोक धरून तिचा धाकटा भाऊ हिंडायचा, त्याचं नाव ताईंनी शेपूट ठेवलं. यांचे वडील चारचौघांत हसूनखेळून बोलणारे. दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्यांचं नाव काढतात. घरी दार बंद झालं की माणूस बदलतो. पण मुलांवर त्यांनी कधी हात उगारला नाही हो, असं मुलांची आईच सांगते, आणि सांगताना मनगटावरची ओढणी नीट करते. त्या घरात मुकादमचं एक काम ठरलेलं आहे. भावाला पाठीशी घालायचं आणि त्याच्या आणि दाराच्या मध्ये बसायचं. ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

एक दिवस चेंडूवरून भांडण झालं आणि मुकादम गरजली, "ए, तो माझा चेंडू आहे!" अख्खी खोली तिच्याकडे बघायला लागली. तिनं दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही. मग तिनं पुन्हा, जरा जास्तच मोठ्यानं, तेच वाक्य म्हटलं. चित्रकलेच्या ताईंनी आणि आलेताईंनी कपाटाआड जाऊन एकमेकींचे हात दाबले. पलीकडे कारकून भिंतीवर ठोकत होता.

हे सुख फार टिकलं नाही. दर वर्षी निधीचं नूतनीकरण व्हायच्या आधी समिती खोली पाहायला येते. गेल्या वर्षी समिती आली तेव्हा मुलं चिखलात माखलेली होती, दोघं कपाटावर चढून बसली होती, आणि शेपटानं सभापतींच्या पांढऱ्या पायजम्याला हात पुसले. सभापतींनी ते हसण्यावारी नेलं, पण शेरा पडला : 'शिस्तीचा अभाव.' निधीला कात्री लागली आणि चित्रकलेच्या ताईंना निरोप द्यावा लागला. त्यांनी जाताना ब्रश धुऊन, पुसून, आकाराप्रमाणे लावून ठेवले. तेव्हापासून आलेताई एकट्याच आहेत. पाठ दुखते, गुडघे बोलतात, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर कुणी काही विचारू नये असं वाटतं.

यंदा तर वाऱ्याची दिशा आधीच कळली होती. पलीकडच्या वस्तीतल्या शाळेची मुलींची स्वच्छतागृहं मोडकळीला आली होती आणि सभापतींना ती दुरुस्त करायची होती. त्यांचंही चूक नव्हतं. त्या शाळेतल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे ताईंना माहीत होतं. मुकादम त्याच शाळेत जायची. पैसा कुठूनतरी काढायचा होता, आणि ताईंची खोली सगळ्यात मऊ लागली.

"ताई, यंदा जरा मुलांना सांगून ठेवा," शिपाईमामा म्हणाले. "साहेब लोकांसमोर तमाशा नको. गेल्या वर्षीचं आठवतंय ना?"

ताईंना ते चांगलंच आठवत होतं. समिती यायच्या दिवशी त्यांनी मुलांना गोल बसवलं आणि इतक्या वर्षांत जे कधीच तोंडातून काढलं नव्हतं ते काढलं.

"आज मोठी माणसं येणार आहेत. अजिबात आवाज करायचा नाही. शहाण्यासारखं वागायचं. त्यांना राग येईल असं काही करायचं नाही."

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्याबरोबर त्यांना ते ओळखीचं वाटलं. प्रत्येक मुलाच्या आईनं, वडील यायच्या वेळेला, कुजबुजत म्हटलेलं वाक्य होतं ते. ते परत घ्यावं म्हणून ताईंनी तोंड उघडलं, पण बोळात बुटांचा आवाज आला आणि मुलं केव्हाच उठली होती. चिखल डब्यात गेला. चपलांची तोंडं बाहेर वळली. मुकादमनं भावाला भिंतीकडे बसवलं आणि स्वतः त्याच्यापुढे मांडी घालून बसली. दोन महिन्यांपूर्वी कपाटावरून उड्या मारणारा पोरगा गुडघ्यांत हात घालून जमिनीकडे बघत होता. ताईंनी कित्येक महिने खपून जे उभं केलं होतं, ते त्यांच्याच एका वाक्यानं आडवं झालं.

सभापतींनी दारावरचा पुठ्ठा वाचला.

"हातात काय आहे? अहो, निधी आहे! द्यायचा की नाही तेवढं ठरवायचंय," ते म्हणाले, आणि मागचे लोक अदबीनं हसले. सोबत लेखापालबाई होत्या, चष्मा सावरत सगळं टिपून घेत होत्या. मंडळी आत आली. मुलांनी एका सुरात नमस्कार केला.

"वा! काय शिस्त आहे," सभापती खरोखर खूश झाले. "माझ्या नातवंडांना आठवडाभर इथे ठेवायला हवं. गेल्या वर्षी हीच मुलं होती का हो?"

"हीच होती," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात शेपूट शिंकलं. एवढीशी शिंक, पण ती त्या शांततेत मोठी झाली. मुकादमनं मागे हात नेऊन त्याचं तोंड दाबलं. सभापतींनी खिशातून रुमाल काढला तसे खोलीतले सगळे डोळे त्या हाताबरोबर खिशापर्यंत गेले आणि परत आले. सभापतींनी आपलं नाक पुसलं आणि रुमाल ठेवून दिला. त्यांना काही दिसलं नाही. ताईंना मात्र सगळं दिसलं.

"बाई, मला एक सांगा," लेखापालबाई म्हणाल्या. आवाजात वाकडेपणा नव्हता. "मार मुलांच्या आईला बसतो. मुलं तर धडधाकट आहेत, शहाणी आहेत. मग यांना होतं तरी काय?"

ताईंनी सांगायला सुरुवात केली. मुलं दचकतात, झोपत नाहीत, स्वतःलाच दोष देतात, असं काहीबाही त्या बोलत राहिल्या. बोलता बोलता त्यांना स्वतःचेच शब्द फिके वाटायला लागले. समोर शहाणी मुलं ओळीत बसलेली असताना हे सगळं ऐकणार कोण? सभापतींनी घड्याळ पाहिलं.

दारात शिपाईमामा उभे होते. त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि हळूच कपाटाकडे डोळ्यांनी खूण केली. ताईंना लगेच समजलं. कपाटाचं दार एकदा, फक्त एकदा, सोडून द्यायचं. तोफ उडाली असती. साहेब लोकांच्या देखत सगळी खोली टेबलांखाली गेली असती, आणि मग 'यांना होतं तरी काय' हे विचारायची कुणाची छाती झाली नसती. खोली वाचली असती. चित्रकलेच्या ताई परत आल्या असत्या.

ताई कपाटापाशी गेल्या. दार उघडलं, रंगांचा डबा काढल्यासारखं केलं. त्यांचा हात दाराच्या कडेवर होता. त्यांनी वळून पाहिलं, तर मुकादम त्यांच्या हाताकडे बघत होती. तोंडाकडे नाही, हाताकडे. ती न उठता, बसल्या बसल्याच, मागे सरकली आणि भावाला तिनं भिंतीशी पार झाकून टाकलं. ज्या बाईसमोर ती चेंडूसाठी गरजली होती, त्या बाईपासून ती भावाला वाचवत होती. ताईंना स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

त्यांनी दार जरा उचललं आणि लाडीगोडीनं लावलं. "रंगांचा डबा आहे हं हातात," त्या मुलांना म्हणाल्या. शिपाईमामांनी मान खाली घातली.

समिती समाधानानं गेली. जाताना कुणाच्यातरी पायानं वीट सरकली आणि दार मागून धाडकन बंद झालं. भिंत हादरली. खोली रिकामी झाली, टेबलांखाली पाय दिसायला लागले. ज्यांनी हे पाहायला हवं होतं ते सगळे दाराच्या पलीकडे होते, आणि तिकडून सभापतींचा आवाज येत होता, "कौतुक आहे हो बाईंचं." ताई गुडघे सांभाळत खाली वाकल्या आणि मुलांशेजारी टेबलाखाली जाऊन बसल्या. आया न्यायला येईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या.

निर्णयाच्या बैठकीला ताई गेल्या. बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"साहेब, माझी चूक झाली. मीच त्यांना गप्प बसायला सांगितलं. ती शिस्त नव्हती, ती भीती होती. तुम्ही परत या, न सांगता या."

सभापतींना त्यांची कीव आली असावी. "ताई, सांगितल्यावर मुलं गप्प बसतात, हेच तर सगळ्या आईबापांना हवं असतं," ते म्हणाले. "तुम्ही चांगलं काम केलंत. ते पूर्ण झालंय असं समजा." लेखापालबाईंनी ठराव वाचला. योजनेचा उद्देश सफल झाल्यामुळे निधी शाळेच्या स्वच्छतागृहांकडे वळवण्यात येत होता, आणि संबंधित सेविकेचं अभिनंदन करण्यात येत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंना स्वच्छतागृहांवर रागावताही येईना.

शेवटच्या दिवशी मुलांना त्यांच्या आया एकेक करून घेऊन गेल्या. ताईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, की खोली बंद होतेय. कुणी का म्हणून विचारलं नाही. या मुलांना 'का' असं विचारायची सवय नसते. मुकादमच्या आईला उशीर झाला. शेपूट रंगांच्या डब्याशी खेळत होतं. ताई ब्रश गोळा करत होत्या आणि मुकादम त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली.

"ताई, तो मुद्दाम नाही शिंकला," ती हळू आवाजात म्हणाली. "मी त्याला सांगितलं होतं. पण त्याला आलीच. आता तो नाही शिंकणार. तू त्यांना सांग ना."

ताईंच्या हातातले ब्रश खाली ठेवले गेले. पोरगी इतके दिवस हे मनात घेऊन हिंडत होती. शिंकेमुळे नाही गं, असं म्हणायला गेल्या, पण मग कशामुळे? तुम्ही फार शहाण्यासारखं वागलात म्हणून? हे सांगितलं असतं तर तोही दोष तिनं उचलून घरी नेला असता. ताई खाली बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या, आणि दोन्ही हात तिला दिसतील असे मांडीवर ठेवले.

"त्याची काही चूक नाही. तुझीही नाही. चूक माझी झाली. तुम्हाला गप्प बसायला सांगितलं ना, ते माझं चुकलं."

मुकादम त्यांच्याकडे बघत राहिली. मोठं माणूस असं काही म्हणतं, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिच्या कपाळावर आठी पडली. चूक झाली की पुढे काय होतं ते तिला चांगलं माहीत होतं.

"मग आता तुला कोण मारणार?"

"कुणी नाही गं," ताई म्हणाल्या. मुकादमचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही.

बोळात पावलं वाजली. शिपाईमामा खोली बंद करायला येत होते. "आलो गं बाळांनो," त्यांचा थकलेला आवाज आला, "मी मामा. हातात कुलूप आहे."

मुकादमनं भावाला हाताला धरून ताईंच्या मांडीवर बसवलं. मग ती वळली, आणि त्या दोघांच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन बसली.